चौसष्ट विशेषणं आणि विहीणबाई

माझ्या वहीत चौसष्ट विशेषणं आणि एकोणीस वाक्यं होती. पाठांतराला एकतीस दिवस मिळाले. दिवसाला दोन विशेषणं धरली तर बासष्ट होतात. उरलेली दोन मी पहिल्याच दिवशी जास्तीची करून टाकली. वाक्यं रविवारी.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिच्याच ऑफिसात एक इटालियन मुलगा आहे आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. आम्ही नवरा-बायकोनं नऊ दिवस विचार केला आणि हो म्हटलं. मुलाच्या आईनं मात्र अजून हो म्हटलं नव्हतं. मुलाला वडील नाहीत, त्यांना तो एकटाच. मुलगी कोणत्या घरातली, कसल्या माणसांतली, हे स्वतः बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. मला ते पटलं. मी विजेचे मीटर तपासण्याचं काम करतो. मीही बघितल्याशिवाय सही करत नाही.

मग मुलीचा फोन आला. "बाबा, त्या ग्वाल्हेरला येताहेत. बघा, त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांच्या विरोधात जाणार नाही. आणि मीपण त्याला जा म्हणणार नाही. समझ रहे हो ना?"

"समजलो. त्यांना इंग्रजी येतं?"

"गुड मॉर्निंग आणि थँक यू. बस."

"फोनमध्ये भाषांतराची सोय असते ना?"

"असते. पण मग त्या फोनकडे बघून बोलतील आणि तुम्हीपण फोनकडेच बघाल. तुम्ही स्वतः तीन वाक्यं शिकून घ्या. या, बसा, भेटून आनंद झाला. ज़्यादा मत करना, प्लीज़. तीनच."

तीन वाक्यांसाठी कोणी वही आणत नाही. मी इंदरगंजहून येताना दोनशे पानी वही आणली, तेव्हाच बायकोनं ओळखलं की हे तिनावर थांबणार नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळ जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथं मला इटलीला जाणाऱ्या इंग्रज प्रवाशांसाठी लिहिलेलं एक लहान पुस्तक मिळालं. त्यात तीन रकाने होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात इटालियन, आणि तिसऱ्यात तो इटालियन शब्द इंग्रजाच्या तोंडून बाहेर पडावा म्हणून केलेली व्यवस्था. ही व्यवस्था बघून मला इंग्रजांची दया आली. लहान या अर्थाचा एक साधा शब्द आहे, पिक्कोला. तो सांगायला पुस्तकाला पी, दोनदा ई, के, आडवी रेघ, के, ओ, एच, पुन्हा आडवी रेघ, एल, ए, एच, अशी दहा अक्षरं आणि दोन रेघा लागल्या होत्या. मी शेजारी चौथा रकाना आखला आणि तीन अक्षरांत लिहिलं: पिक्कोला. ब्वोनो म्हणजे चांगला, ब्वोना म्हणजे चांगली. इंग्रजीत दोघांना मिळून एकच 'गुड'. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे पुरुषाचं वेगळं, बाईचं वेगळं. मध्ये इंग्रजी उगाच दलालासारखी बसलेली. पण तिच्यावाचून पुस्तक नव्हतं, म्हणून मी रोज मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये असा दोन गाड्या बदलून प्रवास करत होतो.

तिसऱ्या रकान्यात प्रत्येक शब्दाचा एक तुकडा मोठ्या अक्षरांत छापला होता. प्रस्तावनेत त्याचा खुलासा होता की या तुकड्यावर जोर द्यावा. मी दिला. जोर किती द्यायचा याचं माप पुस्तकात नव्हतं, म्हणून मी पूर्ण दिला.

सराव गच्चीवर होई, सकाळी साडेसहा ते सात. तेस-तार-दा म्हणजे हट्टी. त्यातलं 'तार' मोठ्या अक्षरांत. तिसऱ्या दिवशी शेजारचे गृहस्थ हातात काठी घेऊन त्यांच्या गच्चीवर आले.

"क्या हुआ भाईसाहब? बंदर आ गए?"

"नहीं, नहीं. इटालियन."

त्यांनी चारी दिशांना बघितलं, काठी खाली ठेवली नाही, आणि म्हणाले, "कितने हैं?"

"चौंसठ," मी म्हटलं. ते खाली गेले आणि त्यांनी जिन्याचं दार लावून घेतलं.

बायकोनं एकही शब्द शिकायला साफ नकार दिला. "मी मराठीत बोलेन. सावकाश बोलेन. खायला वाढलं की माणसाला सगळं कळतं."

"अगं, पण त्यांना 'आणखी घ्या' कसं सांगशील?"

"वाढून."

पण रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना ती माझी उजळणी मात्र घेई. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ती इंग्रजी शब्द वाचायची आणि मी उत्तर द्यायचो. एकतिसाव्या दिवशी चौसष्टपैकी त्रेसष्ट बरोबर आली. आमच्या मीटरला याहून जास्त चूक चालते.

आता खरी गोष्ट. पुस्तकात विशेषणं दोनशेच्या वर होती. त्यातली चौसष्ट निवडायची कशी? दुसरा कोणी आवडतील ती घेईल. मी तसं करत नाही. पाठांतर सुरू करण्याआधी मी आठवडाभर नोंद ठेवली. घरी कोणी आलं की आम्ही दोघं आपल्या घराबद्दल, जेवणाबद्दल, माणसांबद्दल जी विशेषणं वापरतो ती मी लगेच टिपून घेतली. त्या आठवड्यात चार वेळा पाहुणे आले. जी विशेषणं पुन्हा पुन्हा आली ती वर, एकदाच आली ती खाली. अशी यादी तयार झाली. हिच्यात माझ्या पसंतीचा काही भाग नव्हता. जे आम्ही खरोखर बोलतो तेच होतं. यापेक्षा प्रामाणिक पद्धत मला आजही सुचत नाही.

आमच्यासारख्या घरांत पाहुण्यासमोर कसं बोलतात हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. घर अकराशे चौरस फुटांचं असलं तरी 'लहानसंच आहे'. जेवणात सात पदार्थ असले तरी 'आज काही विशेष केलं नाही'. बायकोच्या पुरणपोळ्यांचं आमच्या लष्कर भागातल्या निदान तीन घरांत नाव आहे, पण मी तिला गेल्या अठ्ठावीस वर्षांत "आज जमल्या नाहीत हो" याशिवाय दुसऱ्या वाक्यानं पोळी वाढताना ऐकलेलं नाही. आणि मुलांचं तर बोलूच नये. मुलगी इंजिनिअरिंगला कॉलेजात पहिली आली, तेव्हा मी पेढे घेऊन शेजारी गेलो आणि म्हटलं, "झाली एकदाची पास." मुलगीही सोबत होती. आपल्या तोंडानं आपल्या पोरीचं कौतुक करणं म्हणजे आपण आपल्याच गळ्यात हार घालून घेण्यासारखं. शेजाऱ्यांनी म्हणायचं, "नाही हो, फार हुशार आहे." मग आपण म्हणायचं, "कुठली! आळशी आहे." दोघांनाही ठाऊक असतं.

तर चौसष्टपैकी पंचेचाळीस विशेषणं या जातीची होती. उरलेल्या एकोणिसात गरम, थंड, उजवा, डावा वगैरे.

त्या आल्या तेव्हा कडाक्याची थंडी होती. दिल्लीहून गाडीनं आल्या, स्टेशनजवळच्या पडावला एका हॉटेलात उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मुलगा, मुलगी आणि त्या असे तिघं आमच्याकडे आले. उंच बाई, पांढरे केस, गळ्यात निळा रुमाल, पायात अतिशय चांगले बूट, जे त्यांनी दारातच न सांगता काढले. बायकोनं माझ्याकडे बघून मान हलवली. एक गोष्ट जमेला पडली.

मी पुढं होऊन म्हटलं, "बेन्वेनूता!" म्हणजे स्वागत. 'नू' वर पूर्ण जोर दिला. त्या किंचित मागं सरकल्या, मग मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, वहीतली उरलेली ब्याऐंशी विशेषणं-वाक्यंही आता अशीच जमणार.

तेवढ्यात विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्यासाठी आणलेली भेट हॉटेलातच राहिली होती. 'राहू द्या, संध्याकाळी आणू' असं मी म्हणणार होतो, पण ते वाक्य माझ्याकडे नव्हतं. मुलगा आणि मुलगी ऑटोनं ती आणायला गेली. पंधरा मिनिटांत येतो म्हणाली. पडावाच्या पुलावर गाड्या अडकल्यामुळं चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांत सगळं झालं.

त्या दिवाणावर बसल्या. बायको स्वयंपाकघरात. मी समोरच्या खुर्चीवर, वही मांडीवर, पण मिटलेली. त्यांनी खोली बघितली, खिडकी बघितली, आणि आनंदानं काहीतरी म्हणाल्या. त्यात 'बेल्ला' हा शब्द होता, म्हणजे सुंदर. घराची स्तुती. आता माझी पाळी.

"नो, नो," मी म्हटलं. "काझा पिक्कोला. वेक्क्या. ब्रूत्ता!" घर लहान, जुनं, कुरूप.

त्या हसून नाही नाही म्हणाल्या. अगदी आपल्यासारख्या. मला हुरूप आला.

बायको पानं घेऊन आली. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. तिनं वाढता वाढता सावकाश मराठीत सांगितलं, "आज जमल्या नाहीत हो." विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. माझ्याकडं 'जमणे' हे क्रियापद नव्हतं, पण वाईटला विशेषण होतं. "कात्तीवो," मी पोळीकडं बोट दाखवून म्हटलं.

त्यांचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो धीरानं तोंडात घातला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "ब्वोनीस्सिमो!" त्या म्हणाल्या.

"नो," मी म्हटलं. "कात्तीवो."

त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. बायको स्वयंपाकघरात परत गेली आणि त्यांनी मुलीबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांचं सगळं मला कळलं नाही, पण दोन बोटं हृदयाशी नेऊन त्यांनी जे म्हटलं त्यात माझ्या ओळखीची तीन विशेषणं होती आणि तिन्ही चांगली. मुलीची स्तुती! आणि तीही होणाऱ्या सासूच्या तोंडून! या क्षणी बापानं काय करायचं असतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी ताठ बसलो.

"मीया फील्या," मी म्हटलं, म्हणजे माझी मुलगी, "पीग्रा!" आळशी. 'पी' वर जोर.

त्या थांबल्या.

"तेस्तार्दा!" हट्टी. "दिस्त्रात्ता!" विसरभोळी. "दिझॉर्दिनाता!" हा अवघड शब्द होता, अर्थ अव्यवस्थित, तो एका दमात निघाला म्हणून मी खूश होऊन पुन्हा एकदा म्हटला. मग वाक्य क्रमांक अकरा: "नॉन सा कुचिनारे." तिला स्वयंपाक येत नाही.

मी वाट बघितली. आता त्यांनी 'नाही हो' म्हणायला हवं होतं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, रुमालानं हात पुसले आणि पर्स मांडीवर घेतली. मला वाटलं, त्यांना संकोच वाटतोय. मी आणखी सात विशेषणं वापरली.

मी सवयीनं मोजत होतो. सुरुवातीला त्यांच्या एका उत्तरात दहा-बारा शब्द असत. मग पाच झाले. मग दोन. शेवटी त्या एकच शब्द म्हणाल्या, "पेर्के?" हा मला येत होता. पेर्के म्हणजे का. पण माझ्या एकोणीस वाक्यांत 'का' ला उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. मी नम्रपणे हसलो. एखाद्या बापानं मुलीची बारा दूषणं ओरडून सांगावीत आणि का विचारल्यावर हसावं, हे समोरून कसं दिसत असेल याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

मुलं परत आली. मुलाच्या हातात कॉफीचं एक अष्टकोनी भांडं होतं, लाल फीत बांधलेलं. विहीणबाई उठल्या आणि मुलाशी बोलायला लागल्या. इतक्या वेगानं की मला एकही विशेषण पकडता येईना. मुलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. मुलीला थोडंफार इटालियन कळतं. तिनं भांडं त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा. तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"घराबद्दल. जेवणाबद्दल. तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

मी वही उघडून दाखवली. तिनं रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. बायकोही तवा खाली ठेवून बघायला आली.

"आई, हे बघ. आळशी, हट्टी, घाणेरडी... घाणेरडी? बाबा, सीरियसली?"

"ते नाही वापरलं. राखीव होतं."

"अहो, पण एक तरी चांगलं सांगायचं!" बायको म्हणाली.

"तू सांगतेस का कधी? आज पोळ्या जमल्या नाहीत म्हणालीस ना?"

"ते वेगळं."

"त्या काय म्हणताहेत माहितीए?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज असा होता की मला ती हसतेय की रडतेय ते ठरवता येईना. "त्या म्हणताहेत, माझ्या मनात शंका होत्या, पण आता एकही उरली नाही. बिचारीला या घरात एक दिवसही ठेवायला नको. लग्न जितकं लवकर होईल तितकं बरं. आजच आपल्या हॉटेलात चल म्हणताहेत. कपडे भरून."

बायकोनं पदराला हात पुसले.

"म्हणजे हो म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"हो म्हणाल्या."

"मग झालं तर. आता तुम्ही गप्प बसा. एकही अक्षर बोलू नका. जेवण झालं, होकार मिळाला, त्यांना गाडीत बसवून द्या."

हिशेबानं पाहिलं तर तिचं बरोबर होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण मीटर चुकीचं दाखवत असेल आणि ते माझ्या सोयीचं असेल, म्हणून मी कधी सोडलेलं नाही. शिवाय मुलगी वहीकडेच बघत होती. पुन्हा वरपासून. तिला यातलं सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून ऐकलं होतं; पण एका खाली एक असं लिहिलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पंचेचाळीसमध्ये एकही चांगलं नाही?"

"तशी पद्धत नाही आपली," मी म्हटलं.

"पता है," ती म्हणाली.

मी पिठाच्या डब्याजवळचं पुस्तक उचललं आणि तिथंच उभ्यानं शोधायला लागलो. उच्चारासाठी चौथा रकाना करायला वेळ नव्हता. त्या दहा अक्षरांच्या आणि दोन रेघांच्या इंग्रजी व्यवस्थेवरच भागवावं लागणार होतं. सहा मिनिटं लागली. बायको "अहो, नको, नको" म्हणत मागून आली तोवर मी बाहेरच्या खोलीत पोचलो होतो.

विहीणबाई दिवाणाच्या कडेवर बसल्या होत्या, कोट घालून. मुलगा त्यांना काहीतरी समजावत होता. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, पुस्तक डोळ्यांसमोर धरलं.

"ओ झ्बाल्यातो," मी म्हटलं. माझी चूक झाली. हे वाक्य पुस्तकात 'रस्ता चुकल्यास' या भागात होतं.

त्यांनी मान वर केली.

"मीया फील्या," मी म्हटलं, आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. यापुढचे शब्द मी मराठीत कधी उच्चारलेले नव्हते. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही. "ब्रावा," मी म्हटलं. गुणी. जोर देता आला नाही. "ओनेस्ता." प्रामाणिक. "इंतेल्लिजेंते." याचा अर्थ सांगायला नको. "कोराज्जोझा." धीट. हा शब्द शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला होता, कारण इंग्रजीत त्याचे चार पर्याय होते आणि मला नेमका हवा होता. पहिल्यांदा एकटी बंगळुरूला गेली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि मी तिला म्हटलं होतं, "पाण्याची बाटली विसरलीस." ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. "आल्लेग्रा." आनंदी. "नॉन पीग्रा."

मग विशेषणं संपली. मी पुस्तक मिटलं. मागं वळून बघितलं नाही.

मुलानं ही संधी साधून आईला भराभर समजावलं. मला अंदाजानं कळत होतं: या देशात, या लोकांत, आपल्या माणसाला नावं ठेवतात ती प्रेमानं, पाहुण्याचा मान म्हणून. तो माझ्याकडं, पोळीकडं, घराकडं हात करत होता. त्या बराच वेळ ऐकत होत्या. एकदा त्यांनी तपासून घेण्यासारखा मला प्रश्न केला, पोळीकडं बोट दाखवून: "कात्तीवो?"

मी बायकोकडं बघितलं. ती पदर सावरत होती.

"ब्वोनीस्सिमो," मी म्हटलं.

"अहो, काय म्हणालात?"

"नंतर सांगतो."

विहीणबाईंनी कोट काढला. उभ्या राहिल्या, रुमाल नीट केला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं गंभीरपणे बघून म्हणाल्या, "मीयो फील्यो." माझा मुलगा. "पीग्रो!" 'पी' वर माझ्याहून जास्त जोर. "तेस्तार्दो! दिझॉर्दिनातो! ब्रूत्तो!"

"मम्मा," मुलगा म्हणाला.

त्या थांबेनात. माझ्या वहीत नसलेलं एक क्रियापद त्यांनी तीन वेळा वापरलं. मी मुलाकडं बघितलं. त्यानं मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं की आई म्हणते, तो घोरतो. आणि मोजे कुठंही टाकतो. आणि एकदा चर्चमध्ये झोपला होता.

"नो, नो," मी म्हटलं. "ब्रावो! ब्रावो!"

"नो!" त्या म्हणाल्या. "पीग्रो!"

म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं. मुलगी 'मग मी हॉटेलात यायचं ना?' असं मुलाला थट्टेनं इंग्रजीत विचारत होती आणि विहीणबाई तिला हातानं खुणावत होत्या की बस, खाली बस, जेव. लग्न थंडी संपल्यावर, ग्वाल्हेरलाच, हे त्यांनी बोटं मोजून सांगितलं. बायकोनं तिसरी पोळी त्यांच्या पानात टाकली. "बास्ता, बास्ता," त्या म्हणाल्या, म्हणजे पुरे; तो शब्द मी बायकोला कधी शिकवला नव्हता, आणि तिनं चौथीही वाढली.

संध्याकाळी ते दोघं पडावला गेल्यावर मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. कॉफीचं भांडं कसं वापरायचं हे मी वाचत होतो. त्याची सूचनाही इटालियनमध्ये होती.

"बाबा, ते दुपारचं पुन्हा म्हणा ना. मराठीत."

"एकदा सांगितलं ना."

"मराठीत नाही सांगितलं."

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वही तिथं आहे," मी म्हटलं. "शेवटच्या पानावर पाच नवीन शब्द लिहिलेत. पाचवा रकाना बघ, मराठी अर्थ तिथं आहे."

ती वही घेऊन आत गेली. तिनं दार लावलं नाही, त्यामुळं ती मोठ्यानं वाचत होती ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. पाचही शब्द, अर्थासकट. उच्चार बरोबर होते.